फॉक्सपी३ नीट वेगळा होत नाही, बासिलिक्सिमॅब घेतलेल्यांत सीडी२५ गायब: क्लोन बदलू की पद्धत?

टीपेशी

माणसाच्या रक्तातल्या नियामक टी पेशी, म्हणजे ट्रेग (सीडी४ आणि सीडी२५ असलेल्या, सीडी१२७ कमी आणि आत फॉक्सपी३ हे प्रथिन असलेल्या), फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे लेझरसमोरून एकेक पेशी नेऊन तिच्यावरच्या रंगांची चमक मोजणाऱ्या यंत्रावर मोजायच्या आहेत. मशीनला ४०५, ४८८ आणि ६४० असे तीन लेझर आहेत. नमुने दोन प्रकारचे आहेत: निरोगी दात्यांच्या गोठवलेल्या पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी), आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या पीबीएमसी (शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन आठवड्यांनी). रुग्णांना बासिलिक्सिमॅब (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) दिलेलं आहे.

सध्याचं पॅनल असं आहे (आधी ओळखायचा रेणू, मग अँटिबॉडीला जोडलेला रंग, मग क्लोन म्हणजे अँटिबॉडीचा नेमका वाण):

सीडी३: बीव्ही४२१, क्लोन ओकेटी३
सीडी४: एपीसी-सीवाय७, क्लोन आरपीए-टी४
सीडी२५: एफआयटीसी, क्लोन एम-ए२५१
सीडी१२७: पीई-सीवाय७, क्लोन ए०१९डी५
फॉक्सपी३: पीई, क्लोन पीसीएच१०१
मृत पेशींसाठी ४०५ वर चमकणारा फिक्सेबल रंग

पद्धत: एफसी ब्लॉक (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून) २.४जी२, पृष्ठभागाचं स्टेनिंग बर्फावर ३० मिनिटं, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, मग ०.१ टक्के सॅपोनिनमध्ये फॉक्सपी३ ३० मिनिटं. प्रत्येक अँटिबॉडी ५ मायक्रोलिटर. फॉक्सपी३ साठी रॅट आयजीजी२ए आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण फॉक्सपी३ न ओळखणारी अँटिबॉडी).

अडचणी:
१. फॉक्सपी३ चा वेगळा गट दिसत नाही, नुसता खांदा दिसतो. आयसोटाइप त्याच्यावरच येतो. सीडी४ पैकी जेमतेम २ टक्के मिळतात.
२. सीडी२५ ची सलग पट्टी येते, गेट, म्हणजे पेशींचा गट निवडायची सीमा, कुठे लावायचा ते कळत नाही.
३. रुग्णांच्या दोन आठवड्यांच्या नमुन्यांत सीडी२५ जवळजवळ शून्य. आधीच्या नमुन्यांत होता.
४. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ओकेटी३ आणि सीडी२८ अँटिबॉडीने ४८ तास उत्तेजित केलेल्या पेशी वापरल्या. त्यांत सीडी३ दिसेनासा होतो आणि फॉक्सपी३ चा सगळा ढगच वर सरकतो.

क्लोन बदलावा की पद्धत? बदलायचा तर कोणता घ्यावा?

---

पेशीगणक

आधी पद्धत. पहिल्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

फॉक्सपी३ केंद्रकात असतो. पॅराफॉर्मल्डिहाइड आणि सॅपोनिनची जोडी सायटोकाइनसाठी बनलेली आहे. तिच्यात बाहेरचं पटल उघडतं, पण केंद्रकापर्यंत अँटिबॉडी पुरेशी पोचत नाही. त्यात ४ टक्के फॉर्मल्डिहाइडने प्रथिनं इतकी घट्ट बांधली जातात की फॉक्सपी३ वरची अँटिबॉडीची जागा झाकली जाते. फॉक्सपी३ किंवा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर असं नाव असलेला किट घ्या, ज्यात फिक्सेशन आणि पर्मीअबिलायझेशन एकाच बफरमध्ये होतं. त्याचा कॉन्सन्ट्रेट साधारणपणे १ भागाला ३ भाग डायल्युएंट असा, त्याच दिवशी, लागेल तेवढाच मिसळायचा. आदल्या दिवशीचं मिश्रण वापरलं की स्टेनिंग हमखास फिकं येतं.

क्रम असा ठेवा:

पेशी ३७ अंशांच्या पाण्यात, बर्फाचा छोटा खडा उरेपर्यंतच वितळवा. १० मिली कोमट आरपीएमआय (१० टक्के सीरम आणि थोडा डीएनेझ) थेंबथेंब घाला. ३०० जी वर १० मिनिटं. तासभर इन्क्युबेटरमध्ये विश्रांती द्या, मग मोजा. ट्यूबमागे १० ते २० लाख पेशी.

प्रथिन नसलेल्या पीबीएसने दोनदा धुवा आणि मगच मृत पेशींचा रंग घाला, अंधारात २० मिनिटं. हा रंग अमाइन गटांना चिकटतो. बफरमध्ये सीरम, बीएसए किंवा ट्रिस असेल तर तो त्यांनाच चिकटून संपतो. तुमच्या पद्धतीत हे धुणं कुठे येतं ते लिहिलेलं नाही, तपासा. गोठवलेल्या नमुन्यात मेलेल्या पेशी सगळ्या अँटिबॉडी ओढून घेतात आणि नेमक्या तुमच्या ट्रेगच्या गेटमध्ये येऊन बसतात.

२.४जी२ काढून टाका. ती उंदराच्या सीडी१६ आणि सीडी३२ विरुद्धची आहे, माणसाच्या पेशींवर तिचा काहीच उपयोग नाही. माणसाचं शुद्ध आयजीजी किंवा मानवी पेशींसाठीचा एफसी ब्लॉक घ्या, १० मिनिटं.

मग पृष्ठभागाचं मिश्रण एकूण १०० मायक्रोलिटरमध्ये, ३० मिनिटं, ४ अंशांवर. सीडी२५ आणि सीडी१२७ इथेच लावायच्या, फिक्स केल्यानंतर नाही.

धुऊन सुपरनेटंट ओता आणि उरलेल्या थेंबात पेलेट बोटाने टिचकी मारून पूर्ण मोकळं करा. मगच १ मिली फिक्स-पर्म बफर घालून लगेच व्हॉर्टेक्स. पेलेट मोकळं न करता बफर ओतला तर पेशी गठ्ठ्यातच फिक्स होतात आणि आतल्यांपर्यंत फॉक्सपी३ ची अँटिबॉडी कधीच पोचत नाही. ४५ ते ६० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, अंधारात.

यापुढे प्रत्येक वेळी सेंट्रिफ्यूज ५०० ते ६०० जी. फिक्स झालेल्या पेशी आकसतात आणि हलक्या होतात. ३०० जी वर त्या खाली बसत नाहीत, ओतताना निघून जातात. पेलेट पारदर्शक होतं, दिसत नाही म्हणून घाबरू नका, पण ओतताना एकदाच आणि एकाच हालचालीत ओता.

पर्म बफरमध्येच २ टक्के सीरमने १५ मिनिटं ब्लॉक करा. अँटिबॉडी उंदराची असेल तर उंदराचं, रॅटची असेल तर रॅटचं सीरम. त्याच बफरमध्ये फॉक्सपी३, ४५ मिनिटं, खोलीच्या तापमानाला. धुणंही पर्म बफरनेच, दोनदा. मध्ये साध्या पीबीएसने धुतलं तर सॅपोनिन निघून जातं, छिद्रं बंद होतात आणि सुटी अँटिबॉडी आतच अडकते. शेवटी साध्या स्टेनिंग बफरमध्ये घेऊन २४ तासांच्या आत मशीनवर लावा.

मशीनवर एफएससी आणि एसएससीचे (पेशीचा आकार आणि दाणेदारपणा दाखवणाऱ्या मोजमापांचे) व्होल्टेज नव्याने ठरवा. ताज्या पेशींचा लिम्फोसाइट गेट इथे चालत नाही.

प्रौढांत सीडी४ पैकी साधारण ५ ते १० टक्के फॉक्सपी३ पॉझिटिव्ह येतात. निदान ५०,००० जिवंत सीडी४ पेशी गोळा करा. गेटमध्ये १०० पेशी असतील तर केवळ मोजणीमुळेच १० टक्क्यांची चूक येते.

---

लिम्फनोड

सीडी२५ एफआयटीसीवर ठेवणं ही दुसऱ्या अडचणीची सरळ फोड आहे. मंद प्रतिजन आणि मंद रंग. उलट सीडी३ सारखा भरपूर असलेला रेणू तुम्ही बीव्ही४२१ सारख्या लखलखीत रंगावर ठेवलाय. सीडी२५ पीई-सीवाय७ वर घ्या, बाकी तसंच राहू द्या.

---

पेशीगणक

@लिम्फनोड, निदान बरोबर, पण फॉक्सपी३ पीईवर असताना सीडी२५ पीई-सीवाय७ वर नको. पीई-सीवाय७ हा जोडरंग आहे, म्हणजे पीई आणि सीवाय७ हे दोन रंग एकत्र जोडलेले. उजेड, उष्णता आणि फिक्सेशनमुळे तो तुटतो आणि तुटला की नुसत्या पीईसारखा चमकतो. म्हणजे ज्या पेशींवर सीडी२५ सर्वांत जास्त, त्यांच्यातच पीईच्या चॅनलमध्ये खोटा सिग्नल येणार, आणि तो हुबेहूब फॉक्सपी३ सारखा दिसणार. चित्र अपेक्षेप्रमाणे येतं, म्हणून ही चूक पकडायला सर्वांत कठीण.

@टीपेशी, तुमच्या सीडी१२७ पीई-सीवाय७ मध्ये हाच दोष उलट्या बाजूने आहे. तो तुटला की फॉक्सपी३ नसलेल्या पेशी पीईमध्ये वर सरकतात. तुमचा खांदा अंशतः याचाही असू शकतो. तपासायला सोपं: फक्त सीडी१२७ पीई-सीवाय७ लावलेली एक ट्यूब फिक्स करा, एक करू नका. पीईमधली गळती दोन्हींत वेगळी आली तर जोडरंग तुटतोय. आणि म्हणूनच कंपेन्सेशनच्या (एका रंगाची दुसऱ्या चॅनलमधली गळती वजा करण्याच्या) बीड्स किंवा पेशीही पूर्ण फिक्सेशनमधून न्यायच्या, त्याच लॉटच्या अँटिबॉडीने.

तीन लेझरवर हे पॅनल बसेल:

सीडी३: एफआयटीसी, क्लोन यूसीएचटी१ किंवा एसके७
सीडी४: पर्सीपी-सीवाय५.५, क्लोन आरपीए-टी४ किंवा एसके३
सीडी२५: बीव्ही४२१
सीडी१२७: पीई, ए०१९डी५ ठेवा, चांगला आहे
फॉक्सपी३: अलेक्सा फ्लुओर ६४७, क्लोन २५९डी
मृत पेशी: ६४० वर चमकून ७८० नॅनोमीटरच्या आसपास दिसणारा फिक्सेबल रंग

बीव्ही मालिकेतला रंग एकच राहतो, त्यामुळे त्यासाठीचा खास बफर लागत नाही. दोन झाले की लागतो, नाहीतर ते एकमेकांना चिकटून खोटी तिरपी रेघ देतात.

पीसीएच१०१ बद्दल: वापरतात खूप, पण फॉक्सपी३ नसलेल्या, विशेषतः उत्तेजित पेशींना तो जास्त उचलतो असा अनुभव बऱ्याच ठिकाणी आहे. माझं मत २५९डी किंवा २३६ए/ई७ च्या बाजूने आहे. पण आधी किट बदला आणि जुन्याच क्लोनने एकदा करून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आता ५ मायक्रोलिटरचा मुद्दा. तो आकडा कंपनीच्या परिस्थितीत १० लाख पेशी आणि १०० मायक्रोलिटर धरून दिलेला असतो. टायट्रेशन, म्हणजे योग्य मात्रा शोधणं, कराच. १०० मायक्रोलिटरमध्ये १ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून निम्म्यानिम्म्याने आठ पायऱ्या: १, ०.५, ०.२५, ०.१२५, असं खाली ०.००८ पर्यंत. प्रत्येक पायरीला स्टेन इंडेक्स काढा: पॉझिटिव्हच्या मीडियनमधून निगेटिव्हचा मीडियन वजा करा आणि निगेटिव्हच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागा. समजा १२,००० आणि २००, विचलन १५०, तर ११,८०० भागिले ३०० म्हणजे सुमारे ३९. हा आकडा जिथे सर्वाधिक ती मात्रा. अँटिबॉडी जास्त झाली तर पॉझिटिव्ह फारसे वाढत नाहीत, निगेटिव्ह मात्र वर येतात आणि आकडा पडतो. फॉक्सपी३ चं टायट्रेशन पर्मीअबिलाइझ केलेल्या पेशींवरच करायचं. तिथे चिकटायला हजार जागा असतात, त्यामुळे योग्य मात्रा बहुधा लेबलपेक्षा कमी निघते.

गेटसाठी आयसोटाइप सोडा. दुसऱ्या अँटिबॉडीवर रंगाचे रेणू किती, ती किती चिकट, हे वेगळंच असतं. सीडी२५ आणि फॉक्सपी३ दोन्हींसाठी एफएमओ ट्यूब ठेवा, म्हणजे तेवढी एक सोडून बाकी सगळं. शिवाय त्याच ट्यूबमध्ये आयता कंट्रोल आहे: सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी४ निगेटिव्ह पेशी. निरोगी दात्यात त्या जवळजवळ सगळ्या फॉक्सपी३ निगेटिव्ह असतात. त्यांचा ढग वर सरकला असेल तर दोष स्टेनिंगचा.

---

प्रत्यारोपण_प्रयोगशाळा

तिसऱ्या अडचणीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर.

बासिलिक्सिमॅब ही स्वतःच सीडी२५ विरुद्धची मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे. उंदराचा बांधणारा भाग आणि माणसाचं आयजीजी१, अशी जोड. प्रौढांना २० मिलिग्रॅमचे दोन डोस, शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी. त्यानंतर रिसेप्टर सरासरी पाच आठवडे झाकलेला राहतो, सोबत मायकोफेनोलेट असेल तर आठ आठवड्यांपर्यंतही. म्हणजे दोन आठवड्यांच्या नमुन्यात जागा आधीच भरलेली आहे. इंटरल्यूकिन-२ जिथे बसतं तिथेच हे औषध बसतं, आणि फ्लोसाठी विकले जाणारे बरेच लोकप्रिय क्लोनही तिथेच किंवा शेजारी. सीडी२५ गेला असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. तो झाकला गेलाय, कमी झालाय, की दोन्ही, हे वेगळं तपासावं लागतं.

तुमचा क्लोन अडतो का हे अर्ध्या दिवसात कळतं. निरोगी दात्याच्या पेशी घ्या. एका भागाला बासिलिक्सिमॅब १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३० मिनिटं, ४ अंशांवर. दुसऱ्याला तेवढंच साधं मानवी आयजीजी१. दोनदा धुवा आणि दोन्हींना तुमची सीडी२५ अँटिबॉडी लावा. पहिल्यात सिग्नल पडला तर क्लोन त्याच जागेवर स्पर्धा करतोय. दोन्ही सारखे आले तर तो चालेल. असे तीन-चार क्लोन शेजारी शेजारी लावून पाहा. डॅक्लिझुमॅबच्या, म्हणजे अँटि-टॅकच्या जागेशी स्पर्धा न करणारा म्हणून ७जी७/बी६ हा क्लोन जुना आणि माहितीचा आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. औषधाची उरलेली कुपी रुग्णालयाच्या औषध विभागाकडून रीतसर मागता येते, या चाचणीला फार थोडं लागतं.

रुग्णाच्या पेशींवर औषध खरंच बसलंय का, हेही थेट दिसतं. मानवी आयजीजी विरुद्धची रंगवलेली अँटिबॉडी लावा आणि सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी४ पॉझिटिव्ह पेशींत पाहा. त्या ट्यूबमध्ये वर सांगितलेला मानवी आयजीजीचा ब्लॉक वापरायचा नाही, नाहीतर तुमचाच ब्लॉक तुम्हाला दिसेल. बी पेशींवर स्वतःचं आयजीजी असतं, म्हणून सीडी३ चा गेट सक्तीचा. धुणंही तीनदा करा, प्लाझ्मातलं सुटं आयजीजी उरलं तर ते सगळी अँटिबॉडी शोषून घेतं.

स्पर्धा न करणाऱ्या क्लोननेही सिग्नल आधीपेक्षा कमी आला तर आश्चर्य नको, अँटिबॉडी बसल्यावर रेणू आत ओढला जाऊ शकतो. म्हणून रुग्णांत ट्रेगची व्याख्या सीडी२५ वर टेकवू नका. सीडी४ पॉझिटिव्ह, सीडी१२७ कमी, फॉक्सपी३ पॉझिटिव्ह असा गेट आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही नमुन्यांना लावा. सीडी१२७ आणि फॉक्सपी३ यांचं हे उलटं नातं २००६ पासून प्रस्थापित आहे. सीडी२५ स्वतंत्र आकडा म्हणून द्या, सोबत क्लोनचं नाव.

आणखी एक विचारून घ्या: यांपैकी कोणाला सशाचं एटीजी (सशापासून मिळवलेली, टी पेशींविरुद्धची अँटिबॉडी) मिळालंय का? ती पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण आहे, टी पेशींवरच्या कितीतरी रेणूंवर एकदम बसते. अशा नमुन्यात सीडी३ आणि सीडी४ सुद्धा फिके येऊ शकतात. असे रुग्ण वेगळे काढा. न जुळणाऱ्या रक्तगटाच्या प्रत्यारोपणात रिटुक्सिमॅब दिलेलं असतं, तिथे बी पेशी सीडी२० ने मोजू नका, सीडी१९ ने मोजा. तत्त्व तेच. कर्करोगाच्या नमुन्यांत डाराटुमुमॅबमुळे सीडी३८ आणि निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबमुळे पीडी-१ असाच झाकला जातो.

---

लिम्फनोड

जोडरंगाचा मुद्दा मान्य. पीई-सीवाय७ मागे घेतो.

चौथी अडचण: ओकेटी३ ने उत्तेजित केलं की टी पेशी आपला सीडी३ आत ओढून घेतात. जो बाहेर उरतो त्याच्यावर ओकेटी३ आधीच बसलेली असते, आणि यूसीएचटी१, एसके७ हे क्लोनही त्याच सीडी३ एप्सिलॉनवर एकमेकांना अडवतात. क्लोन बदलून सुटका नाही. उत्तेजित नमुन्यात सीडी३ ची अँटिबॉडी पर्मीअबिलायझेशननंतर लावा, आतला सीडी३ सापडतो.

पण मुळात तो कंट्रोलच चुकीचा आहे. माणसाच्या साध्या सीडी४ पेशीसुद्धा उत्तेजित झाल्यावर काही काळ फॉक्सपी३ बनवतात. सीडी२५ वाढतो, सीडी१२७ उतरतो. तिन्ही खुणा ट्रेगसारख्या, पेशी मात्र ट्रेग नाही. उंदरात हे असं फारसं होत नाही, म्हणून उंदरावरून आलेल्यांची इथे फसगत होते. विश्रांतीतल्या निरोगी दात्याच्या पीबीएमसी हाच तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल. एकाच दात्याच्या पन्नासेक कुप्या गोठवून ठेवा आणि प्रत्येक दिवशी एक लावा.

रुग्णांत उत्तेजना असणारच, म्हणून सीडी४५आरए ची भर घाला. सीडी४५आरए निगेटिव्ह आणि फॉक्सपी३ भरपूर त्या कार्यरत ट्रेग, सीडी४५आरए पॉझिटिव्ह आणि फॉक्सपी३ थोडा त्या विश्रांतीतल्या, आणि सीडी४५आरए निगेटिव्ह पण फॉक्सपी३ थोडाच, त्या गटात ट्रेग नसलेल्या पेशी बऱ्याच असतात. शंका उरली तर फॉक्सपी३ जनुकातल्या टीएसडीआर भागाचं डीमेथिलेशन मोजा (खऱ्या ट्रेगमध्ये या भागावर मेथिल गट नसतात). जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, स्त्री दात्यांत एक प्रत बंद आणि मेथिलेटेड असते. त्यांचा आकडा दुप्पट करायला विसरू नका.

---

टीपेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. एटीजीचं विचारलं, दोन रुग्णांना दिलेलं आहे, ते वेगळे काढले. २.४जी२ आजपासून बंद.

तीन शंका राहिल्या. २५९डी दोन-तीन कंपन्या विकतात, त्यांत फरक असतो का? लॉट बदलला की पुन्हा टायट्रेशन लागतं का? आणि उन्हाळ्यात कुरियरने आलेल्या अँटिबॉडीवर कितपत विश्वास ठेवायचा?

---

हायब्रिडोमा

क्लोन तोच असेल तर बांधणारा भाग तोच. फरक पडतो तो रंग किती जोडलाय, शुद्धीकरण आणि बफर यांमुळे. म्हणून आधी क्लोन निवडा, मग रंग, कंपनी सर्वांत शेवटी. सीडी हा क्रमांक रेणूचा असतो, अँटिबॉडीचा नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या अँटिबॉडी एकाच रेणूवर बसतात की नाही हे ताडून पाहण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिसला पहिली कार्यशाळा झाली, तिथून ही क्रमांकपद्धत आली. दोन क्लोन सीडी४ चेच असले तरी त्यांची जागा वेगळी असू शकते. आरपीए-टी४ आणि एसके३ रेणूच्या टोकाच्या पहिल्या भागावर बसतात, ओकेटी४ तिसऱ्या भागावर. काही माणसांत जनुकीय फरकामुळे ओकेटी४ ची जागाच नसते. अशा दात्याचा सीडी४ ओकेटी४ ने शून्य दिसतो आणि आरपीए-टी४ ने अगदी व्यवस्थित.

मोनोक्लोनल म्हटलं की एकच रेणू ओळखणार, हेही गृहीत धरू नका. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा (मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवणाऱ्या संकरित पेशी) तपासलेल्या एका अभ्यासात जवळपास एक तृतीयांशांत अँटिबॉडीच्या जास्तीच्या साखळ्या आढळल्या. जनुकक्रमावरून बनवलेली रिकॉम्बिनंट आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या.

लॉट बदलला की जोडरंगांसाठी नव्या कंपेन्सेशनशिवाय पुढे जाऊ नका. अलेक्सा ६४७ किंवा बीव्ही४२१ ला पूर्ण आठ पायऱ्या नकोत, जुना आणि नवा लॉट तीन मात्रांवर शेजारी लावला तरी पुरे. वहीत क्लोन, कॅटलॉग क्रमांक, लॉट, आरआरआयडी (अँटिबॉडीचा सर्वमान्य ओळखक्रमांक) आणि मायक्रोग्रॅममधली मात्रा लिहा. नुसते मायक्रोलिटर लिहिले तर सहा महिन्यांनी त्यातून काहीच कळत नाही.

कुरियर: एक-दोन दिवस २५-३० अंश झाले तरी अलेक्सा जोडलेली अँटिबॉडी बहुधा तग धरते, जोडरंगांचं तसं नाही. त्याहून घातक म्हणजे गोठणं. पीई, एपीसी, पर्सीपी हे रंग स्वतः प्रथिनं आहेत, गोठले की मोडतात. बर्फाच्या पिशवीला थेट टेकलेली कुपी संशयास्पद धरा. ऑर्डर देतानाच तापमान नोंदवणारा लॉगर मागा, आणि पार्सल शुक्रवारी निघणार नाही असं ठरवून घ्या. प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्येही खोका मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथेच गोठतं. कुपी उघडण्याआधी थोडं सेंट्रिफ्यूज करा, तळाशी जमलेले गोळे वर ओढू नका. आल्या दिवशी तुमच्या गोठवलेल्या दात्याच्या एका कुपीवर लावून पाहा आणि चमक मागच्या लॉटशी ताडा.

---

टीपेशी

कळलं. किट बदलून, पीसीएच१०१ तसाच ठेवून पहिली फेरी करतो, नंतर २५९डी. एकच विचारायचं राहिलं: फॉक्सपी३ लावलेल्या ट्यूब शुक्रवारी संध्याकाळी तयार झाल्या तर सोमवारी वाचल्या तर चालतील का?

---

पेशीगणक

नको. अलेक्सा ६४७ टिकेल, पण सीडी४ चा पर्सीपी-सीवाय५.५ तीन दिवसांत घसरतो आणि फिक्स झालेल्या पेशींची स्वतःची चमक एफआयटीसीच्या चॅनलमध्ये वाढत जाते. थांबायचंच असेल तर आधी थांबा: पृष्ठभागाचं स्टेनिंगसुद्धा न करता पेशी गोठलेल्याच राहू द्या आणि सोमवारी सकाळी वितळवा.